क्रूझवर मोबाइल: बिल न फुगवता वापरायचा कसा

जहाज बंदर सोडतं, डेकवरून किनाऱ्याचे फोटो काढून होतात आणि फोनवरच्या सिग्नलच्या दांड्या एकेक करून विझतात. थोड्या वेळाने त्या पुन्हा पूर्ण भरून येतात. पहिल्यांदाच क्रूझला निघालेल्या माणसाला वाटतं, किनाऱ्याचं नेटवर्क परत मिळालं. तो सिग्नल असतो जहाजाच्या स्वतःच्या टॉवरचा, आणि अवाच्या सवा बिलाची सुरुवात इथेच होते.

त्यासाठी फोन हातात घ्यावाही लागत नाही. तुम्ही जेवायला बसलेले असता आणि खिशातला फोन ईमेल तपासतो, ॲप अपडेट करतो, दिवसभरात काढलेले फोटो क्लाउडवर चढवतो. म्हणून क्रूझवर कोणतंही ॲप उघडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: फोन आत्ता कुणाला जोडलेला आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाभोवतीच फिरतात.

१. आधी तीन नेटवर्कं ओळखा

किनाऱ्याचं नेटवर्क. बंदरात आणि किनाऱ्यालगत मिळणारं त्या देशातल्या कंपनीचं नेहमीचं मोबाइल नेटवर्क. तुमचा नेहमीचा रोमिंग पॅक, ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्येच भरलं जाणारं सिम) किंवा तिथे घेतलेलं सिम बहुतेक वेळा फक्त यावर चालतं.

जहाजाचा टॉवर. जहाजात छोटे अँटेना बसवलेले असतात आणि ते उपग्रहामार्फत जमिनीशी जोडलेले असतात. फोनच्या दृष्टीने हे आणखी एक परदेशी रोमिंग नेटवर्क, त्यामुळे तो न विचारता त्याला जाऊन चिकटतो. पडद्यावर 'सेल्युलर ॲट सी', 'टेलिनॉर मेरिटाइम' असं काही नाव दिसतं, नाहीतर ९०१ने सुरू होणारा आकडा. प्रत्येक देशाच्या मोबाइल नेटवर्कला तीन आकडी संकेतांक असतो, आणि ९०१ हा कोणत्याच देशाचा नसलेल्या, आंतरराष्ट्रीय नेटवर्कांसाठी राखलेला आहे. हा आकडा दिसला की फोन खिशात टाकण्याआधी फ्लाइट मोड दाबा.

जहाजाचं वाय-फाय. हेही उपग्रहावरूनच येतं, पण त्याचे पैसे तुम्ही क्रूझ कंपनीला ठरवून देता. पॅकेज संपलं की इंटरनेट बंद होतं, मागून बिल येत नाही. जहाजावर वापरायचं नेटवर्क हेच.

जहाजाचा टॉवर नेमका कधी सुरू होतो? बंदरात तो बंद असतो. अनेक ठिकाणी तो किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, गेल्यावर सुरू होतो. युरोपीय संघाच्या पाण्यात मात्र नियम वेगळा आहे: टूजी आणि थ्रीजी किनाऱ्यापासून २ सागरी मैलांच्या आत आणि फोरजी ४ मैलांच्या आत चालवायचं नाही, त्यापलीकडे चालतं. दोन सागरी मैल म्हणजे पावणेचार किलोमीटरसुद्धा नाही. तेव्हा किनारा डोळ्यांना स्वच्छ दिसतो आहे म्हणून नेटवर्कही किनाऱ्याचंच असेल, हा हिशेब धरू नका.

२. सोबत काय लागेल

- अनलॉक असलेला फोन. हप्त्यावर किंवा कंपनीच्या प्लॅनवर घेतलेला फोन त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असू शकतो. आयफोनमध्ये 'जनरल'खाली 'अबाउट'मध्ये 'कॅरिअर लॉक' पाहा. 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलं असेल तर फोन मोकळा आहे. इतर फोनमध्ये सरळ दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहायचं.
- ई-सिम चालतं का, याची खात्री. *#०६# डायल केलं की आयएमईआय क्रमांक दिसतो. त्याच पडद्यावर 'ईआयडी' असा लांबलचक क्रमांकही दिसला तर फोन ई-सिम घेतो. आयफोनमध्ये ही सोय एक्सएस, एक्सआर आणि त्यानंतरच्या मॉडेलांत आहे.
- सिमचा कप्पा उघडायची पिन आणि मूळ सिम ठेवायला छोटी डबी. डबी नसेल तर फोनच्या कव्हरच्या आत चिकटपट्टीने लावा.
- क्रूझ कंपनीचं ॲप, घरच्या वाय-फायवर उतरवून आणि एकदा लॉगिन करून. जहाजावर ॲप स्टोअर उघडायलाही इंटरनेट लागतं.
- ई-सिमचा क्यूआर कोड दुसऱ्या फोनमध्ये किंवा कागदावर. ज्या फोनने तो स्कॅन करायचा, त्याच फोनच्या गॅलरीत ठेवून आयत्या वेळी पंचाईत होते.
- एका कागदावर: घरच्यांचे नंबर देशाच्या कोडसह, मोबाइल कंपनीचा परदेशातून लावायचा ग्राहकसेवा क्रमांक, बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक, बुकिंग क्रमांक.

घरच्यांजवळही एक चिठ्ठी ठेवा: जहाजाचं नाव, केबिन क्रमांक, प्रवासाच्या तारखा आणि क्रूझ कंपनीचा आपत्कालीन फोन क्रमांक. तुमचा फोन बंद असला तरी या चार गोष्टींवर जहाजाशी संपर्क साधता येतो.

३. मोबाइल कंपनीला नेमके प्रश्न विचारा

'क्रूझवर रोमिंग चालेल का?' असं विचारलंत की उत्तर बहुधा 'हो' असंच येतं. चालेलच, पण किती दराने ते या प्रश्नात येत नाही. विचारायचं ते असं:

- माझा रोमिंग पॅक जहाजाच्या उपग्रह नेटवर्कवर लागू आहे का, की फक्त जमिनीवरच्या नेटवर्कवर?
- नसेल तर तिथे डेटा, येणारा कॉल, जाणारा कॉल आणि एसएमएस यांचा प्रत्येकी दर काय?
- डेटा किती केबीच्या टप्प्याने मोजता? कॉल सेकंदावर की मिनिटावर? (मिनिटावर असेल तर ६१ सेकंदांचा कॉल २ मिनिटांचा होतो.)
- जहाज आणि विमानातलं रोमिंग तेवढं बंद करता येईल का?
- खर्चाची कमाल मर्यादा लावता येईल का, आणि ती उपग्रह नेटवर्कलाही लागू होते का?
- एका दिवसाचा पॅक पहिल्या वापरापासून २४ तास चालतो की रात्री बारा वाजता संपतो? बारा म्हणजे कुठले बारा?

उत्तरं चॅटवर किंवा ईमेलवर घ्या. फोनवरचं आश्वासन पुढे वादाच्या वेळी दाखवता येत नाही.

नेहमीचे 'इतक्या देशांत चालेल' वाले पॅक बहुतेक वेळा जमिनीपुरतेच असतात. क्रूझचा पॅक वेगळा विकला जातो, आणि त्यासोबत कोणती जहाजं त्यात बसतात याची यादी असते. यादीत कंपनीचं नाव असणं पुरेसं नाही, तुमच्या जहाजाचं नाव शोधा. युरोपीय संघातही तेच: १५ जून २०१७पासून तिथल्या सिमवर सदस्य देशांत घरच्याच दराने रोमिंग मिळतं, पण जहाजाचं उपग्रह नेटवर्क या नियमाबाहेर आहे.

दराचा अंदाज येण्यासाठी एक साधा हिशेब करा. फोनने काढलेला एक फोटो साधारण ३ ते ४ एमबीचा. दिवसभरात पन्नास फोटो काढले तर १५० ते २०० एमबी. कंपनीने सांगितलेल्या एका एमबीच्या दराला २००ने गुणा. तो आकडा पाहिल्यावर पुढची सेटिंग्ज बदलायला कुणी आळस करत नाही.

पोस्टपेडवाल्यांनी जास्त सावध राहायला हवं. प्रीपेडमध्ये नुकसान शिल्लक रकमेपुरतंच असतं आणि अनेकदा जहाजाचं रोमिंग प्रीपेडवर उपलब्धच नसतं. इथे ही गैरसोय पथ्यावरच पडते.

४. व्हॉइसमेल आणि कॉल फॉरवर्डिंग बंद करून निघा

ही जागा फार थोड्यांना ठाऊक असते. फोन जहाजाच्या टॉवरला जोडलेला आहे, कुणीतरी कॉल केला, तुम्ही उचलला नाही आणि तो व्हॉइसमेलकडे, म्हणजे न उचललेल्या कॉलचा निरोप रेकॉर्ड करणाऱ्या सेवेकडे, वळला. नेटवर्कच्या हिशेबी हा कॉल आधी तुमच्यापर्यंत समुद्रात आला आणि तिथून परत तुमच्या देशातल्या व्हॉइसमेलकडे गेला. म्हणजे येण्याचे पैसे आणि जाण्याचेही, तेही न उचललेल्या कॉलचे.

फोन बंद किंवा फ्लाइट मोडमध्ये असेल तर असं होत नाही, कारण कॉल तुमच्या देशातच वळवला जातो. तरी निघण्याआधी घरच्या नेटवर्कवर असताना ##००४# डायल करा. न उचललेले, व्यग्र असताना आलेले आणि संपर्काबाहेर असताना आलेले कॉल वळवण्याची तिन्ही सेटिंग्ज त्याने रद्द होतात. ##००२# सगळंच फॉरवर्डिंग काढून टाकतो. काही कंपन्या हे कोड स्वीकारत नाहीत. तिथे ग्राहकसेवेला सांगून बंद करून घ्या. परत आल्यावर ते पुन्हा सुरू करायचं आहे, हे कागदावर टिपून ठेवा.

५. ओटीपीची सोय आधी लावा

फ्लाइट मोडमध्ये फोन ठेवला की एसएमएसने येणारे ओटीपी थांबतात. पैसे भरायचे आहेत, ओटीपी येत नाही, म्हणून फ्लाइट मोड काढला. जहाजाचा टॉवर लागला, ओटीपी आला, आणि त्याच्याबरोबर तीन दिवसांचा तुंबलेला ईमेलही उतरला. हे टाळायचे मार्ग असे:

बँकेच्या ॲपमध्येच मंजुरी देण्याची सोय असेल तर ती घरी असतानाच सुरू करा. ईमेल आणि इतर खात्यांसाठी ऑथेंटिकेटर ॲप लावा. ते दर ३० सेकंदांनी नवा कोड फोनमध्येच तयार करतं, त्याला नेटवर्क लागतच नाही. त्यासाठी फोनचं घड्याळ मात्र बरोबर हवं. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

जी बिलं प्रवासात भरायची वेळ येणार आहे, ती निघण्याआधी भरून टाका. एवढं करूनही एसएमएसच हवा असेल, तर बंदरात उतरल्यावर किनाऱ्याच्या नेटवर्कवर, मोबाइल डेटा बंद ठेवून घ्या.

६. वाय-फाय कॉलिंग: फायद्याचं, पण अटींसह

वाय-फाय कॉलिंगमध्ये तुमच्या नेहमीच्या नंबरवरचे कॉल आणि एसएमएस इंटरनेटवरून तुमच्या कंपनीपर्यंत पोचतात. अनेक कंपन्या असा कॉल तुम्ही घरी बसून केला असं धरतात. म्हणजे मायदेशी केलेला कॉल साध्या दराने किंवा प्लॅनमध्येच, आणि ओटीपीसुद्धा येतो. ऐकायला छान वाटतं. अडचणी इथे आहेत:

- काही कंपन्या परदेशातल्या इंटरनेटवरून वाय-फाय कॉलिंग चालू देत नाहीत. हे आधीच विचारा.
- ते घरच्या नेटवर्कवर असतानाच सुरू करून, एक कॉल लावून तपासून घ्यावं लागतं. समुद्रात पहिल्यांदा सुरू करायला गेलात तर नोंदणी बऱ्याचदा अडकते.
- फ्लाइट मोड नसेल तर फोन जहाजाचा टॉवर निवडू शकतो. तुम्हाला वाटतं कॉल वाय-फायवर चालू आहे, बिल मात्र उपग्रहाचं येतं. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी फ्लाइट मोड सुरू, मग वाय-फाय सुरू, मग पडद्यावर वाय-फाय कॉलिंगची खूण दिसते का ते पाहणं, आणि मगच कॉल.
- पुढच्या बंदरातल्या टॅक्सीवाल्याला असा कॉल लावलात, तर तो तुमच्या देशातून परदेशी केलेला कॉल समजला जातो आणि आंतरराष्ट्रीय दर लागतो.
- जहाजाच्या स्वस्त वाय-फाय पॅकेजात कॉल अडवलेले असू शकतात.

७. फोनमधली सेटिंग्ज, घरी असतानाच

- डेटा रोमिंग बंद. ई-सिम घेतलं असेल तर फक्त मूळ सिमचं बंद. ई-सिमचं सुरू लागतं.
- फोटोंचा आपोआप बॅकअप बंद. क्लाउड आणि व्हॉट्सॲप, दोन्हीकडचा.
- ॲपचे आणि फोनच्या सॉफ्टवेअरचे आपोआप अपडेट बंद.
- व्हॉट्सॲपमध्ये फोटो, ऑडिओ, व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद, मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्हींसाठी. जहाजाचं वाय-फायही तुम्ही पैसे मोजूनच घेतलेलं असतं.
- अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर, आयफोनमध्ये लो डेटा मोड सुरू.
- दोन सिमच्या फोनमध्ये 'एकाचा डेटा मिळाला नाही तर दुसऱ्याचा वापर' अशा अर्थाचं सेटिंग बंद. ई-सिमचा सिग्नल गेला की फोन गुपचूप मूळ सिमच्या डेटावर जातो, तो याच्यामुळे.
- प्रत्येक बंदराच्या शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, सध्याच्या फोनमध्ये ते फ्लाइट मोडमध्येही चालतं. फक्त आकाश दिसायला हवं. आतल्या, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये चालणार नाही.
- सिनेमे, गाणी, पुस्तकं, भाषांतराच्या ॲपमधल्या भाषा, तिकिटं आणि व्हिसाच्या प्रती उतरवून घ्या. उतरवल्या म्हणून भागत नाही, फोन फ्लाइट मोडमध्ये टाकून त्या उघडून पाहा.

८. जहाजावर चढताना

धक्क्यावर सगळे निरोप पाठवून झाले की फ्लाइट मोड सुरू करा. 'अजून बंदरातच आहोत, थोड्या वेळाने करू' हे थोड्या वेळाने विसरलं जातं. जहाज सुटतानाचे फोटो पाठवायचेच असतील, तर जहाजाचे दोर सोडले की थांबायचं अशी खूणगाठ बांधा.

मग वाय-फाय सुरू करून जहाजाच्या नेटवर्कला जोडा. पॅकेज न घेताही क्रूझ कंपनीचं ॲप यावर चालतं: दिवसाचे कार्यक्रम, जेवणाच्या वेळा, खात्यावरचा खर्च. काही कंपन्या ॲपमधून सहप्रवाशांशी चॅट फुकट देतात, काही त्याचे थोडे पैसे घेतात. इथे एक गोंधळ नेहमी होतो. दोघेही एकाच जहाजाच्या वाय-फायला जोडलेले असतात, तरी पॅकेजशिवाय व्हॉट्सॲप जात नाही. कारण तो निरोप समोरच्या केबिनमध्ये जायचा असला तरी आधी जमिनीवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यावा लागतो. जहाजाच्या ॲपचा सर्व्हर जहाजावरच असतो, म्हणून ते चालतं. चौघांचं कुटुंब असेल तर एकमेकांना शोधायला एवढं पुरतं, वेगळं पॅकेज घ्यायची गरज नाही.

केबिनमधल्या फोनवरून जहाजावर कुठेही फुकट बोलता येतं. त्याच फोनवरून जमिनीवर कॉल लावला की तोही उपग्रहाने जातो आणि मिनिटाला भारी पडतो. मदत लागली तर मात्र आधी हाच फोन उचला. समुद्रात ११२ किंवा ९११ लावून किनाऱ्यावरची रुग्णवाहिका येत नाही. डॉक्टर आणि अग्निशमन दोन्ही जहाजावरचीच, आणि आपत्कालीन क्रमांक या फोनवर छापलेला असतो.

९. वाय-फाय पॅकेज घेताना

पहिला प्रश्न स्वतःला: खरंच रोज लागणार आहे का? सात दिवसांच्या प्रवासात चार बंदरं असतील तर फक्त समुद्रातल्या दिवसांसाठी एक-एक दिवसाचं पॅकेज, आणि बाकी दिवशी जमिनीवरचा डेटा, असं गणित बसू शकतं. एका दिवसाच्या पॅकेजची किंमत समुद्रातल्या दिवसांनी गुणा आणि पूर्ण प्रवासाच्या पॅकेजशी ताडून पाहा. अनेक कंपन्या एकेक दिवसाचा दर मुद्दाम चढा ठेवतात, त्यामुळे तीन-चार दिवसांपुढे पूर्ण प्रवासाचं पॅकेज परवडू लागतं.

पॅकेज निघण्याआधी कंपनीच्या साइटवरून घ्या. जहाजावर तेच महाग मिळतं. आधी घेतलेलं पॅकेज प्रवासाच्या आदल्या काही दिवसांपर्यंत बहुतेक ठिकाणी रद्द करून पुन्हा कमी दरात घेता येतं, म्हणून अधूनमधून दर पाहत राहा.

पॅकेज उपकरणांच्या संख्येवर असतं. एका उपकरणाचं पॅकेज म्हणजे एका वेळी एक उपकरण. फोनवरून लॉगआउट करून टॅबवर लॉगिन केलं की तेच पॅकेज तिथे चालतं. दोघांनी आळीपाळीने वापरायचं ठरवलं तर एकातच भागतं. हॉटस्पॉट लावून वाटणं बहुतेक जहाजांवर अडवलेलं असतं. छोटे ट्रॅव्हल राउटर आणि स्वतःची उपग्रह डिश अनेक कंपन्यांच्या बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत आहेत. सामानाच्या तपासणीत काढून घेतात आणि प्रवास संपल्यावर परत देतात.

'सोशल' किंवा 'बेसिक' नावाच्या पॅकेजांत निरोप जातात, पण व्हॉइस कॉल, व्हिडिओ आणि व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिससारख्या नेटवर्कशी होणारी सुरक्षित जोडणी) अडवलेले असू शकतात. ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन लागणार असेल तर हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका. मिनिटांवर मोजलं जाणारं पॅकेज कुठे मिळालंच, तर पान बंद केल्याने मिनिटं थांबत नाहीत, लॉगआउट करावं लागतं.

वेगाबद्दल थोडं. जुन्या पद्धतीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. सिग्नल वर जाऊन खाली यायला आणि उत्तर त्याच वाटेने परत यायला अर्धा सेकंदाहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे बोलताना दोघेही एकदम बोलू लागतात. स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, तिथे ही अडचण जवळजवळ जाते. रॉयल कॅरिबियनने २०२२मध्ये आपल्या जहाजांसाठी स्टारलिंक घेत असल्याचं जाहीर केलं आणि त्यानंतर इतर मोठ्या कंपन्याही तिकडे वळल्या. तुमचं जहाज जुन्या उपग्रहावर असेल आणि मार्ग नॉर्वेच्या फियॉर्डांतून, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांतून, जात असेल, तर महागडं पॅकेज घेऊ नका: तिथून विषुववृत्तावरचे उपग्रह क्षितिजालगत येतात आणि डोंगर त्यांना सरळ झाकून टाकतात.

१०. वाय-फाय जोडलं, पण लॉगिनचं पान येत नाही

हेल्प डेस्कपुढच्या रांगेत उभं राहण्याआधी हे करून पाहा, याच क्रमाने:

१) व्हीपीएन, आयक्लाउड प्रायव्हेट रिले आणि अँड्रॉइडमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' बंद करा. हे चालू असलं की जहाजाला तुमच्यासमोर लॉगिनचं पान आणता येत नाही.
२) त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट ॲड्रेस' किंवा 'रँडमाइज्ड मॅक' बंद करा. फोन स्वतःची ओळख बदलत राहिला की जहाजाची यंत्रणा त्याला नवं उपकरण समजते, आणि 'तुमची उपकरणांची मर्यादा संपली' असं सांगते.
३) नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडा आणि केबिनमध्ये ठेवलेल्या पत्रकावरचा लॉगिनचा पत्ता ब्राउझरमध्ये हाताने टाका.
४) दुसऱ्या उपकरणावर लॉगिन राहून गेलं आहे का ते पाहा.

११. बंदरात उतरल्यावर

स्वस्त डेटा मिळतो तो इथे. पर्याय तीन: मूळ कंपनीचा रोमिंग पॅक, प्रवासासाठीचं ई-सिम किंवा तिथलं स्थानिक सिम. एका प्रवासात चार-पाच देश असतील तर त्या सगळ्या भागाला मिळून एकच ई-सिम सोयीचं पडतं. एकाच देशात जहाज दोन-तीन दिवस थांबणार असेल तरच स्थानिक सिमच्या मागे लागा. आठ तासांच्या मुक्कामातला तासभर दुकान शोधण्यात आणि ओळखपत्राची नोंदणी करण्यात जातो.

ई-सिम घेताना देशांची यादी स्वतः वाचा. 'युरोप' असं लिहिलेल्या प्रत्येक पॅकमध्ये तुर्किये, अल्बानिया किंवा माँटेनेग्रो असेलच असं नाही. मुदत कधीपासून मोजतात तेही पाहा: काहींत फोनमध्ये भरल्यापासून, काहींत पहिल्यांदा नेटवर्क मिळाल्यापासून. पहिल्या प्रकारचं आठवडाभर आधी भरून ठेवलंत तर निम्मी मुदत घरीच संपते. भरलेलं ई-सिम चुकून फोनमधून काढू नका, अनेक क्यूआर कोड एकदाच चालतात. ही ई-सिम बहुधा फक्त डेटाची असतात, नंबर मिळत नाही. व्हॉट्सॲप मात्र जुन्याच नंबरवर चालू राहतं. 'नंबर बदलायचा का?' असं त्याने विचारलं तर नाही म्हणा. आयफोनमध्ये सिम बदललं की आय-मेसेज आणि फेसटाइम नव्याने नोंदवण्यासाठी फोन आपणहून आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवू शकतो, तेव्हा मूळ सिमची ती नोंदणी तशीच राहू द्या.

उतरतानाचा क्रम असा: जहाज धक्क्याला लागू द्या, जिन्याने खाली उतरा, मग फ्लाइट मोड काढा. केबिनमध्ये बसून काढू नका. पोलादी भिंतींतून किनाऱ्याचा सिग्नल नीट येत नाही. त्यानंतर नेटवर्क निवडणं 'ऑटोमॅटिक'वरून काढून पॅकच्या यादीतलं स्थानिक नेटवर्क हाताने निवडा. काही फोन बंद करून सुरू केल्यावर पुन्हा ऑटोमॅटिकवर जातात, तेवढं लक्षात ठेवा. जहाज खोल पाण्यात नांगरून छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेत असतील, तर किनाऱ्याला पाय लागेपर्यंत थांबलेलं बरं.

हाताने निवडण्याचं आणखी एक कारण शेजारचा देश. ग्रीसमधलं कोर्फू बेट सर्वांत अरुंद जागी अल्बानियापासून दोनेक किलोमीटरवर आहे. ग्रीसच्याच कोस नावाच्या बेटासमोर तुर्कियेचा किनारा थोड्याच अंतरावर दिसतो. तुमचा पॅक ग्रीसचा, आणि फोन समुद्रकाठी बसल्या बसल्या पलीकडच्या देशाचं नेटवर्क धरतो, जे पॅकमध्ये नाही. 'अमुक देशात स्वागत' असा एसएमएस येतो तो कंटाळून पुसून टाकू नका, देशाचं नाव वाचा.

एका दिवसाचा रोमिंग पॅक घेतला असेल तर उरलेल्या वेळात मूळ सिमचा डेटा पूर्ण बंद ठेवा. पार्श्वभूमीत एका ॲपने जरा डेटा खाल्ला तरी पूर्ण दिवसाचे पैसे लागतात.

१२. घड्याळाची भानगड

जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं, आणि ती किनाऱ्यावरच्या वेळेहून वेगळी असू शकते. फोन किनाऱ्याचं नेटवर्क धरतो, आपोआप स्थानिक वेळ लावतो, आणि 'साडेचारला परत या' ही जहाजाची वेळ तुम्ही फोनवर एका तासाच्या फरकाने पाहता. उशिरा आलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंतच्या विमानाच्या तिकिटापुढे रोमिंगचं बिल काहीच नाही.

उतरताना जिन्याजवळ लावलेली जहाजाची वेळ आणि फोनमधली वेळ ताडून पाहा. फरक असेल तर वेळेचं आपोआप सेटिंग बंद करून टाइम झोन हाताने निवडा. तास-मिनिटं हाताने पुढेमागे करू नका. तसं केलंत की ऑथेंटिकेटरचे कोड चुकीचे ठरतात आणि काही सुरक्षित साइट उघडत नाहीत. टाइम झोन बदलल्याने मात्र यातलं काही बिघडत नाही. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवणं हा याहून सोपा उपाय.

१३. परतल्यावर

लगेच निर्धास्त होऊ नका. जहाजाच्या नेटवर्कवरचा वापर तुमच्या कंपनीकडे कधी काही दिवसांनी, कधी पुढच्या महिन्याच्या बिलात पोचतो. प्रवासात ॲपमध्ये 'वापर शून्य' दिसत होता याचा अर्थ वापर झालाच नाही, असा नाही. म्हणून पुढची दोन बिलं ओळीओळीने पाहा: सागरी नेटवर्कचं नाव, तारीख, वेळ.

न वापरलेल्या गोष्टीचे पैसे लागले असतील तर तक्रारीसोबत हे जोडा: पॅकबद्दल कंपनीशी झालेलं लेखी संभाषण, डेटा रोमिंग बंद असल्याचा स्क्रीनशॉट, जहाजाचा मार्ग आणि बंदरांच्या वेळा. त्या वेळी जहाज बंदरात उभं होतं असं मार्गपत्रकावरून दिसत असेल, तर जहाजाच्या टॉवरची नोंद तिथे असायलाच नको, आणि हा मुद्दा तक्रारीत सर्वांत वर लिहा.

मग फॉरवर्डिंग, फोटोंचा बॅकअप, अपडेट आणि नेटवर्कची 'ऑटोमॅटिक' निवड पुन्हा सुरू करा. प्रायव्हेट डीएनएस आणि रँडमाइज्ड मॅकही परत लावायचे राहतात, तेवढे विसरू नका.